भाजलेलं मूल कॅज्युअल्टीत येतं तेव्हा: नव्या डॉक्टरांसाठी, पहिल्या मिनिटापासून घरी सोडेपर्यंत

भाजलेलं मूल दारातून आत येण्याआधी त्याचं रडणं आत येतं. मागोमाग आई-वडील, घाबरलेले, स्वतःला नाहीतर एकमेकांना बोल लावणारे. अशा गोंधळात नव्या डॉक्टरची नजर सरळ जखमेवर जाते आणि तिथेच अडकते. माझीही अडकायची. छातीवरची साल सुटून लोंबत असताना मुलाच्या नाकपुडीत काजळी आहे का, हे बघायचं कुणाला सुचणार? पण पहिल्या काही तासांत मूल बिघडतं ते बहुधा श्वासनलिकेच्या सुजेमुळे, अंग गार पडल्यामुळे, सलाईनच्या चुकलेल्या हिशोबामुळे. जखम महत्त्वाची आहेच, फक्त तिचा नंबर नंतरचा. खालचा क्रम तेवढ्यासाठी लिहिला आहे. तुमच्या विभागाचा लेखी प्रोटोकॉल असेल तर डोस आणि मर्यादा त्यातल्याच पाळा.

आधी पाणी आणि कपडे

भाजल्यापासून ३ तासांच्या आत मूल आलं असेल तर भाजलेल्या भागावर नळाचं गार वाहतं पाणी २० मिनिटं सोडा. घरी पाणी घातलं होतं म्हणून हे सोडू नका. "किती वेळ घातलं?" असं विचारलं की उत्तर येतं "घातलं ना, लगेच घातलं", आणि खोदून विचारलं की ते मिनिटभर निघतं. उरलेली मिनिटं तुम्ही पूर्ण करा. वाहत्या पाण्याची सोय नसेल तर ओल्या गॉजच्या घड्या ठेवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी बदला. अंगावर राहिलेली घडी थोड्याच वेळात कोमट होते. बर्फ नको. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि वाचू शकणारी कातडीही जाते. वर टूथपेस्ट, मलम, पीठ असं काही फासलेलं असेल तर ते पाण्यासोबत हलक्या हाताने काढून टाका, नाहीतर खाली काय आहे ते दिसणारच नाही.

मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठं असतं, त्यामुळे ते बघताबघता गार पडतं. म्हणून पाणी फक्त भाजलेल्या भागावर. बाकीचं अंग कोरडं आणि झाकलेलं. खोलीतला एसी बंद करा. तापमान मोजा, आणि ते ३६ अंशांच्या खाली उतरायला लागलं तर पाणी थांबवा. भाजलेला भाग मोठा असेल किंवा मूल गळून गेलेलं असेल तर २० मिनिटांच्या हट्टापायी श्वास आणि रक्ताभिसरण मागे टाकू नका.

कपडे सगळे काढायचे. सगळे म्हणजे डायपरसुद्धा. माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट आहे. चौदा महिन्यांचं मूल, पोटावर गरम पाणी सांडलेलं. मी मन लावून पोटावर पाणी घालत होतो. सिस्टरनी मागून येऊन डायपरची चिकटपट्टी ओढली तर आतला पॅड टम्म फुगलेला आणि हाताला अजून चांगलाच कोमट लागणारा. गरम पाणी पोटावरून ओघळून त्यात मुरलं होतं आणि इतका वेळ जांघेला चिकटून बसलं होतं. पोटापेक्षा जांघेची जखम खोल निघाली. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या इंटर्नला मी पहिला प्रश्न डायपरचाच विचारतो.

कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका, भोवतीने कापा. अंगठी, बांगडी, मनगटावर घट्ट असलेलं काहीही लगेच काढा. तासाभराने सूज आली की तेच कापायला कटर शोधावा लागतो.

श्वास: इथे उशीर परवडत नाही

बंद खोलीतली आग, चेहऱ्यावर भाजलेलं, जळालेले नाकातले केस, तोंडात किंवा थुंकीत काजळी, बसलेला आवाज, खोकला, श्वास घेताना घरघर: यांतलं काहीही दिसलं की वरिष्ठांना आणि भूलतज्ज्ञांना तेव्हाच बोलवा. "थोडं बघू" म्हणायची ही जागा नाही. लहान बाळाच्या श्वासनलिकेचा व्यास ४ मिलीमीटर धरा. आतल्या बाजूने चहूकडून १ मिलीमीटर सूज आली तर व्यास २ उरतो. जागा पाव होते आणि हवेला होणारा विरोध सोळा पट वाढतो. मोठ्या माणसाला तेवढ्या सुजेने फक्त आवाज बसेल. आणि सूज पुढचे कित्येक तास वाढतच जाते. आता सहज जाणारी ट्यूब चार तासांनी जाईलच असं नाही.

ट्यूब टाकायची ठरली तर कफवाली निवडा. वयाला ४ ने भागून ३.५ मिळवा, तो साधारण आकार. अर्धा नंबर लहान ट्यूब बाजूला तयार ठेवा. ट्यूब कापून आखूड करू नका, कारण चेहरा सुजला की ओठ पुढे येतात आणि आखूड ट्यूब आत ओढल्यासारखी होऊन निसटते. भाजलेल्या गालावर चिकटपट्टी टिकत नाही, त्यामुळे ट्यूब फितीने बांधा. ट्यूब टाकताना स्नायू सैल करणारं सक्सामिथोनियम पहिल्या २४ तासांत चालतं, त्यानंतर पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.

धुरात सापडलेल्या प्रत्येक मुलाला रिझर्व्हॉयर मास्कने पूर्ण ऑक्सिजन, मग बोटावरचा ऑक्सिमीटर ९९ दाखवत असला तरी. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनने भरलेलं समजतो. म्हणून को-ऑक्सिमेट्री (ही दोन्ही हिमोग्लोबिनं वेगळी मोजणारी तपासणी) होत असलेलं ब्लड गॅस पाठवा. साध्या हवेत कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर तास-दीड तास. मूल गुंगीत आहे, लॅक्टेट खूप वाढलेलं आहे आणि दुसरं कारण सापडत नाही, तर सायनाइडचा विचार करा. उतारा हायड्रॉक्सोकोबालामिन, किलोला ७० मिग्रॅ. त्याने लघवी आणि कातडी लाल होते, हे आई-वडिलांना आधीच सांगून ठेवा.

छातीभोवती पूर्ण कडं खोल भाजलेलं असेल तर ती कातडी पट्ट्यासारखी आवळते आणि छाती हलत नाही. लहान मूल पोटाने श्वास घेतं, त्यामुळे छाती आणि पोटाचा पुढचा भाग एवढ्यानेही अडचण होऊ शकते. इथे एस्करोटॉमी, म्हणजे ती आवळणारी कातडी चिरून मोकळी करणं, लागते आणि तो निर्णय बर्न्सच्या सर्जनशी बोलून घ्यायचा.

चेहरा भाजलेला असेल तर डोळे आत्ताच बघा, फ्लुओरेसिन (बुबुळावरची जखम दाखवणारा रंग) घालून. दोन तासांनी पापण्या इतक्या सुजतात की उघडत नाहीत.

दुखणं: सलाईन लागायची वाट बघू नका

ही पायरी आपल्याकडून सगळ्यात जास्त लांबते. शीर सापडेपर्यंत मूल किंचाळत राहतं आणि सगळ्यांना ते चालून जातं. चालू देऊ नका.

वर्षापुढच्या मुलाला नाकातून फेंटानिल हा माझ्या हिशोबी पहिल्या पाच मिनिटांचा सगळ्यात चांगला उपाय. किलोला १.५ मायक्रोग्रॅम. १२ किलोच्या मुलाला १८ मायक्रोग्रॅम. मिलीला ५० मायक्रोग्रॅमचं अँप्यूल असेल तर ०.३६ मिली. १ मिलीची सिरिंज घ्या, तिला फवाऱ्याचं टोक लावा आणि ०.१ मिली औषध जास्तीचं ओढा, कारण तेवढं टोकातच अडकून राहतं. म्हणजे ०.४६. निम्मं एका नाकपुडीत, निम्मं दुसऱ्या. मूल आईच्या मांडीवरच असू द्या. पाच ते दहा मिनिटांत रडण्याचा सूर उतरतो. नाकच भाजलेलं असेल तर अर्थातच हा मार्ग नाही.

सोबत तोंडाने पॅरासिटामॉल, किलोला १५ मिग्रॅ. लहानशा जखमेला आयबुप्रोफेन, किलोला १० मिग्रॅ, जोडता येतं. मोठ्या भाजण्यात ते टाळा, मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. शीर मिळाली की मॉर्फिन किलोला ०.०५ ते ०.१ मिग्रॅ, परिणाम बघत थोडं-थोडं. स्नायूत इंजेक्शन नको: रक्ताभिसरण मंदावलेलं असताना ते तिथेच पडून राहतं आणि सुधारल्यावर एकदम शोषलं जातं. साफसफाई मोठी असेल तर केटामिन, किलोला १ मिग्रॅ शिरेतून, पण भूल सांभाळू शकणारी व्यक्ती, मॉनिटर आणि सक्शन हाताशी असतानाच.

औषधाशिवायही दुखणं कमी होतं. उघड्या जखमेवरून वारा गेला तरी झोंबतं. ती नुसती झाकली की निम्मी मुलं शांत होतात.

काय झालं ते नीट विचारा

बोली मराठीत भाजणं आणि पोळणं हे शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात. "भाजलं" म्हणणाऱ्या आईच्या मनात गरम पाणी असू शकतं आणि "पोळलं" म्हणणाऱ्या वडिलांच्या मनात इस्त्री. म्हणून शब्दावर जाऊ नका, प्रसंग विचारा: कशाने, ते किती गरम होतं, किती वेळ अंगाला लागून होतं, मूल कुठे होतं, कुणी पाहिलं, नंतर काय केलं. आणि भाजल्याची वेळ घड्याळातली लिहून घ्या. "सकाळी" असं लिहू नका. सलाईनचा सगळा हिशोब त्या वेळेपासून सुरू होतो. धनुर्वाताची लस, आजार, ॲलर्जी आणि शेवटचं काय कधी खाल्लं हे त्याच दमात विचारा.

वजन शक्यतो मोजा. अगदीच जमत नसेल तर वयात ४ मिळवून दुप्पट करा. वर्षापुढच्या मुलांत कामचलाऊ आकडा मिळतो.

किती भाजलं

मोठ्यांचा नऊचा नियम, म्हणजे शरीराचे नऊ-नऊ टक्क्यांच्या पटीत भाग धरणं, मुलांना लावला की उत्तर चुकतं. नवजात बाळाचं डोकं-चेहरा मिळून शरीराच्या १९ टक्के असतं, वर्षाच्या मुलाचं १७, पाच वर्षांच्या मुलाचं १३ आणि मोठ्या माणसाचं फक्त ७. पाय त्या मानाने बारीक. हा फरक धरून १९४४ मध्ये लंड आणि ब्राउडर या डॉक्टरांनी शरीराच्या भागांची वयानुसार टक्केवारी दाखवणारी आकृती काढली, ती आजही वापरात आहे. तिची छापील प्रत ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर ठेवा आणि पेनाने रंगवा.

विखुरलेल्या लहान जखमांसाठी मुलाचा तळहात, जुळवलेल्या बोटांसकट, साधारण १ टक्का. मुलाचा तळहात, तुमचा नव्हे. मी एका कागदावर मुलाच्या हाताची बाह्यरेषा काढून घेतो आणि तो कागद जखमेच्या वर, न टेकवता, धरून मोजतो.

नुसती लाल झालेली, फोड नसलेली कातडी मोजायची नाही. नव्या डॉक्टरांची टक्केवारी फुगते ती बहुतेक इथेच. दुसरीकडून २५ टक्के अशी चिठ्ठी घेऊन आलेलं मूल धुऊन, पुसून, लाली वगळून मोजल्यावर ११ टक्के निघालेलं मी पाहिलं आहे. आणि तोवर त्याला २५ टक्क्यांचं सलाईन चाललेलं होतं.

किती खोल

यावर फार डोकं घालू नका. कोरडी, लाल, दुखरी, फोड नसलेली: फक्त वरचा थर. ओली, गुलाबी, फोड आलेली, बोटाने दाबलं की पांढरी होऊन पटकन रंग भरणारी आणि हात लावू न देणारी: वरवरची अर्धी खोली. डागाळलेली, गडद लाल, दाबल्यावर रंग न बदलणारी किंवा हळू बदलणारी, त्या मानाने कमी दुखणारी: खोल. पांढरी, चामड्यासारखी किंवा काळी, न दुखणारी: पूर्ण खोल. मुलांची कातडी पातळ आहे, त्यामुळे गरम पाण्याचीही जखम खोल जाऊ शकते. पहिल्या दिवशीचा अंदाज दोन-तीन दिवसांत बदलतो, कारण मेलेल्या भागाभोवतीचा एक पट्टा अर्धवट जिवंत असतो. तो वाचतो की जातो हे रक्तपुरवठ्यावर, म्हणजे बऱ्याच अंशी तुमच्या सलाईनवर ठरतं. "खोली अनिश्चित, ४८ तासांनी पुन्हा बघणे" असं लिहायला लाजू नका.

फोटो काढा, परवानगी घेऊन आणि विभागाच्या नियमाप्रमाणे. बर्न्स युनिटच्या डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा फोटोतून जास्त कळतं, आणि मुलाची पट्टी पुन्हा उघडावी लागत नाही.

सलाईनचा हिशोब

१० टक्क्यांच्या खाली, मूल पीत असेल तर बहुधा तोंडानेच भागतं. १० टक्के आणि त्यापुढे शिरेतून ठरवून द्रव द्यायचा. दोन लाइन लावा, न भाजलेल्या कातडीतून मिळाल्या तर उत्तम, नाहीतर भाजलेल्यातूनही चालतं. दोन प्रयत्नांत शीर मिळाली नाही आणि मूल आजारी आहे, तर हाडात सुई घाला. तिसरा-चौथा प्रयत्न करत बसू नका.

डॅलसच्या पार्कलंड रुग्णालयातून आलेलं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: किलोमागे, दर टक्क्यामागे ४ मिली. मुलांसाठी आता सुरुवात ३ मिलीने करा असा सल्ला आहे, कारण जास्तीच्या द्रवाने फुप्फुसं, पोट आणि हातपाय सुजल्याचे अनुभव साचत गेले. द्रव रिंगर लॅक्टेट. निम्मं पहिल्या ८ तासांत, उरलेलं पुढच्या १६ तासांत, आणि ८ तास मोजायचे ते भाजल्यापासून.

उदाहरण घेऊ. १२ किलोचं मूल, १५ टक्के, दुपारी १ वाजता पोळलं, तुमच्याकडे ३ वाजता पोहोचलं.

३ × १२ × १५ = ५४० मिली. निम्मं २७० मिली रात्री ९ पर्यंत जायला हवं. हातात ८ तास नाहीत, ६ आहेत, म्हणून २७० ÷ ६ = ताशी ४५ मिली. रात्री ९ नंतर २७० ÷ १६ = ताशी साधारण १७ मिली. वाटेत कुणी रिंगर दिलं असेल तर ते आधी वजा करा.

हे झालं भाजल्याची भरपाई. लहान मुलाला त्याच्या जोडीला रोजची गरजही द्यावी लागते, आणि तीत साखर हवी, कारण यकृतातला साठा तोकडा असतो. १२ किलोला पहिल्या १० किलोचे ताशी ४०, पुढच्या २ किलोचे ४: ताशी ४४ मिली, ५ टक्के डेक्स्ट्रोज घातलेलं नॉर्मल सलाईन किंवा रिंगर. म्हणजे रात्री ९ पर्यंत एकूण ताशी ८९ मिली. दोन्ही पिशव्या वेगळ्या पंपांवर ठेवा. भरपाईची पिशवी लघवी बघून वरखाली करायची असते, रोजच्या गरजेची तशी नसते. एकाच पिशवीत उरकलं की साखरही त्यासोबत वरखाली होते. पातळ, कमी सोडियमची सलाईन इथे देऊ नका. रक्तातलं सोडियम घसरून मेंदूला सूज येऊ शकते. रक्तातली साखर आल्याआल्या आणि नंतर दर काही तासांनी तपासा.

सूत्राचं काम फक्त पहिला आकडा देण्याचं. पुढे आकडा लघवी देते: ताशी किलोला १ मिली, म्हणजे या मुलाची ताशी १२ मिली. त्यासाठी कॅथेटर लागतो आणि दर तासाला कुणीतरी खरंच मोजावं लागतं. तासाला ३० मिली लघवी बघून सगळे खूश होतात; प्रत्यक्षात द्रव जास्त जातोय आणि तो कमी करायला हवा. कमी असेल तर थोड्याथोड्या टप्प्याने वाढवा. एकदम दुप्पट करू नका.

भाजल्यामुळे येणारा शॉक हळूहळू येतो. पहिल्या तासातच मूल निपचित, नाडी क्षीण, रक्तदाब खाली असेल तर किलोला १० मिलीचा बोलस, म्हणजे एकदम जाणारा द्रव, द्या आणि दुसरं कारण शोधा: पडलं होतं का, पोटात रक्तस्राव आहे का, धूर गेला आहे का.

मोठ्या भाजण्यात नाकातून पोटात नळी घाला. आधी पोट रिकामं करायला लागते, आणि पुढे काही तासांतच दूध सुरू करायलाही.

जखम झाकणं

आता जखमेची पाळी. कोमट सलाईनने किंवा साध्या पाण्याने धुवा, सुटलेली साल काढा. लहान, ताणलेले नसलेले फोड मी तसेच ठेवतो. मोठे, सांध्यावरचे किंवा फुटायच्या बेतातले काढतो. यावर दोन मतं आहेत, तुमच्या युनिटचं मत चालवा.

मूल दुसरीकडे पाठवायचं असेल तर क्लिंगफिल्म, म्हणजे अन्न झाकायची पातळ पारदर्शक प्लास्टिक फिल्म, पुरेशी. रोलचा पहिला काही सेंटीमीटरचा तुकडा फेकून द्या आणि पट्ट्या आडव्या-उभ्या नुसत्या ठेवा, गुंडाळू नका. हात सुजला की गुंडाळलेली फिल्म आवळते. चेहऱ्यावर फिल्म नको, तिथे पांढरं पॅराफिन मलम लावा. पाठवायच्या आधी पांढरी सिल्व्हर सल्फाडायझिन क्रीम फासू नका. ती जखमेवर थर धरते आणि पुढच्या डॉक्टरला खोली दिसत नाही, शिवाय ती सगळी खरवडताना मूल पुन्हा रडतं. दोन महिन्यांखालच्या बाळाला तर ती द्यायचीच नाही. मूल तुमच्याकडेच राहणार असेल तर न चिकटणारी जाळी आणि वर शोषणारा थर, किंवा चांदीयुक्त फोमचं ड्रेसिंग, जे काही दिवस बदलावं लागत नाही. बोटं वेगवेगळी गुंडाळा. हात-पाय उंच ठेवा.

हाताला किंवा पायाला पूर्ण वळसा घालणारी खोल जखम असेल तर दर तासाला बोटांचा रंग, ऊब आणि दाबल्यावर रंग भरायला लागणारा वेळ बघा.

प्रतिबंधक म्हणून अँटिबायोटिक नाही. आई-वडील मागतील, कधी वरिष्ठही लिहितील. ताज्या जखमेला त्याचा उपयोग नाही. धनुर्वाताची लस मात्र अपुरी असेल तर द्या.

वीज आणि रसायन, थोडक्यात

विजेत कातडीवरचा ठिपका बघून आतल्या नुकसानीचा अंदाज बांधू नका. ईसीजी काढा. लघवी गडद, तपकिरी असेल तर स्नायू जळाल्याची शंका धरा आणि लघवीचं लक्ष्य वाढवा. चालू वायर तोंडात घातलेल्या बाळाच्या ओठाचा कोपरा जळतो. त्या जागची खपली एक-दोन आठवड्यांत सुटते तेव्हा ओठाच्या धमनीतून जोरात रक्त येऊ शकतं. कोपरा दोन बोटांत दाबून धरायचा, हे घरी जाताना करून दाखवा.

रसायनात पूड असेल तर आधी कोरडी झटका, मग पाणी, भरपूर वेळ. अल्कलीला आम्लापेक्षा जास्त वेळ लागतो. डोळ्यात गेलं असेल तर पीएच ७ ते ७.५ येईपर्यंत धुवा, थांबल्यावर काही मिनिटांनी पुन्हा मोजा.

गोष्ट आणि जखम जुळतात का

मुलाने वरून काही ओढून अंगावर घेतलं तर चेहरा, मान, खांदा, छाती अशी वरून खाली ओघळ दिसते, कडा वेड्यावाकड्या असतात, खाली जाताना खोली कमी होत जाते आणि बाजूला शिंतोडे असतात. गरम पाण्यात बुडवलेल्या पायाला मोज्यासारखी सरळ रेष येते, खोली सगळीकडे एकसारखी असते आणि शिंतोडे नसतात. टबच्या गार तळाला टेकलेला कुल्ल्याचा मधला भाग वाचलेला असू शकतो, तशीच गुडघा आवळल्यामुळे मागची घडी. ६० अंशांच्या पाण्यात मोठ्या माणसाची कातडीही साधारण ५ सेकंदांत खोल भाजते. मुलाची त्याहून लवकर. सिगारेटची खूण गोल, ८ ते १० मिलीमीटरची, खड्ड्यासारखी.

वयाशी ताडून बघा. चार महिन्यांचं बाळ नळ उघडू शकत नाही. यायला उशीर का झाला, दोघांची हकीकत वेगळी का, जुने वळ आहेत का, हेही बघा. मूल पूर्ण उघडं करून, पाठीसकट तपासा.

आणि तरीही आरोप करू नका. बहुतेक जखमा अपघातीच असतात आणि समोरची आई आधीच मोडलेली असते. तिचे शब्द जसेच्या तसे, अवतरणात, वेळेसकट लिहा. शंका असेल तर मूल भरती करा, वरिष्ठांना सांगा, बालसंरक्षणाची जी पद्धत तुमच्याकडे आहे ती सुरू करा. एकट्याने ठरवायची ही गोष्ट नाही.

कोणाला पाठवायचं

चेहरा, हात, पाय, जननेंद्रियं, मोठे सांधे, पूर्ण खोल जखम, वळसा घातलेली जखम, वीज, रसायन, धूर, कुणी मुद्दाम इजा केल्याची शंका, आधीचा मोठा आजार, आणि मुलांमध्ये ५ टक्क्यांच्या पुढचं काहीही: बर्न्स युनिटला फोन करा. त्याखालीही शंका असेल तर करा, फोनला टक्केवारी लागत नाही. सोबतच्या कागदावर भाजल्याची वेळ, वजन, रंगवलेली आकृती, दिलेला द्रव, तासावारी लघवी, वेदनाशामकाचे डोस आणि वेळा.

घरी सोडताना

लहान, वरवरची जखम, दुखणं आटोक्यात, मूल पितंय, हकीकत जुळते आणि २४ ते ४८ तासांत पुन्हा दाखवायला येण्याची खात्री आहे, तर घरी सोडा.

सोडताना मात्र एक गोष्ट तोंडी आणि लेखी, दोन्ही सांगा. दोन वर्षांखालच्या मुलाला, दोन-तीन टक्क्यांच्या जखमेनंतरही, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी टॉक्सिक शॉक येऊ शकतो. स्टॅफिलोकोकसच्या विषामुळे तो येतो आणि त्या वयात मुलाकडे त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं बहुधा नसतात. ३९ अंशांच्या आसपास ताप, अंगावर लाली, उलटी-जुलाब, मलूलपणा. फसगत अशी की जखम अगदी स्वच्छ दिसते, त्यामुळे पट्टी बघणारा "जखम छान आहे, ताप विषाणूचा असेल" म्हणून परत पाठवतो. असं मूल समोर आलं तर पट्टी काढा, जखम धुवा, स्वॅब आणि रक्त पाठवा, द्रव द्या, स्टॅफिलोकोकसवरचं अँटिबायोटिक आणि सोबत विषाची निर्मिती रोखणारं क्लिंडामायसिन लगेच सुरू करा आणि अतिदक्षता विभागाला कळवा. इम्युनोग्लोब्युलिनबद्दल त्यांच्याशी तेव्हाच बोला.

जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर सर्जनला दाखवायचं. तीन आठवड्यांपुढे भरणाऱ्या जखमेवर जाड व्रण उठण्याची शक्यता बरीच वाढते. भरल्यावर खाज सुटेल, त्यासाठी साधं मॉइश्चरायझर, आणि त्या जागेला ऊन लागू द्यायचं नाही. पुढच्या ड्रेसिंगची तारीख आणि वेळ कागदावर लिहा, आणि त्याखाली: निघायच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉल द्यावं, डोस इतके मिली, असं मुलाच्या वजनावरून स्वतः काढून.